कुणाचं ते दुखणं

मेघानं टेबलापुढची खुर्ची हळूच बाजूला सरकवली. समोरच्या माणसावर ‘बसत नाही’ म्हणायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच. मग तीही उठून उभी राहिली.

रामकिसन लासूर स्टेशनला अडतीवर असत. कामानं शहरात आले, की क्रांती चौकातून आत वळून वाचनालयात पेपर चाळत बसायचे. आज मात्र त्यांनी सगळे पेपर उभ्यानंच वाचून काढले होते.

“मेव्हण्याचं विचारायचं व्हतं, मॅडम.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्याला जरा तकलीफ हाय. बसायची.”

“रक्त जातं म्हणतात का मेव्हणे?”

“जातं कधीमधी. म्हंजे तो सांगत व्हता तसं.”

मेघानं मागच्या कपाटातून एक पुस्तक काढलं, पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. “हे वाचा. काय खायचं, काय टाळायचं, सगळं सोप्या भाषेत आहे. पण रक्त जात असेल, तर नुसत्या पुस्तकावर थांबू नका म्हणावं. डॉक्टरांना एकदा दाखवू द्या त्यांना.”

रामकिसन ओठ हलवत वाचू लागले आणि मधेच अडले. “ठेचा बंद? मेव्हणा जगायचा नाय, मॅडम.”

“थोडे दिवस. समजावून सांगा त्यांना.”

“सांगतो. पर लई हट्टी हाय.”

पुस्तक पिशवीत घालून ते जिना उतरले. तशी देवघेवीच्या टेबलावरून सोमनाथनं मान वर केली. तोही लासूरचाच.

“मॅडम, ह्या मानसाला मेव्हणा नाय. बायको आईबापाला एकुलती एक.”

“सोमनाथ.”

“मी काय बोल्लो का? मी तर मेव्हण्याला आराम पडो म्हणणार व्हतो.”

मेघाला हसू आलं, ते तिनं पुस्तकांच्या ओळीकडं तोंड करून लपवलं.

या टेबलावर एकच गोष्ट पाळली जायची. ‘काय माहिती हवी’ असं विचारायचं, ‘कुणासाठी’ असं विचारायचं नाही. इथं यायची ती भावजयीची लघवीची जळजळ, शेजाऱ्याची छातीतली धडधड, मित्राची दारू. नाव सांगायला जीभ रेटत नाही, त्याला दुसऱ्याचा सदरा घालून माणसं इथवर आणत. मेघा तो सदरा ओढत नसे. आपण डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. उत्तर कोणत्या पानावर आहे आणि पानावर भागणार नसेल तर कोणत्या दारात आहे, तेवढं दाखवतो. एवढ्या कामाचा तिला मनातून फार अभिमान होता. घरी जेवताना ती आईला सांगायची, “आज पुन्हा एक मेव्हणा येऊन गेला.” आई घास हातात धरून ऐकायची. कधी म्हणायची, “अन् तू पुसलं नाय?” मेघा मान हलवायची. “बरं केलं,” म्हणून आई घास तोंडात घालायची.

ते कपाटही मेघानंच मांडलेलं. त्याला निमित्त झालं सोमनाथचं.

सोमनाथ नवा होता तेव्हाची गोष्ट. मेघा रजेवर असताना पैठणकडची एक बाई आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, “आंग येतं, त्याचं पुस्तक हाय का?” सोमनाथनं मोठ्या आदरानं तिला एक पुस्तक काढून दिलं. अंगात येणं ही देवीची कृपा नसून मनाचा खेळ आहे, असं त्यात समजावून सांगितलेलं होतं. बाई ते घेऊन गेली. कुणाकडून तरी वाचून घेतलं असावं. परत आली आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, “यात देवीचं हाय, दादा. माझ्या अंगात देवी नाय येत. माझं आंगच भाईर येतं.”

इकडच्या बायकांच्या बोलण्यात गर्भाशयाला अंगच म्हणतात. सोमनाथच्या आईनंही कधी तो शब्द त्याच्यापुढं उच्चारला नसेल. तो लाल झाला, खाली बघत राहिला आणि त्यानं मान वर करेपर्यंत बाई निघून गेलेली होती. मेघानं कितीतरी दिवस जिन्यावर पावलं वाजली की वर बघितलं. ती बाई काही पुन्हा आली नाही.

मग मेघानं जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. स्त्रीरोग, मूत्रविकार, मधुमेह, हे शब्द गेले आणि जाड अक्षरात माणसांच्या तोंडचे शब्द आले. साखर. बसायची तकलीफ. अंगावरून जाणं. अंग बाहेर येणं. झोप लागत नाही. सचिव राजेंद्र सर तपासणीला आले, तेव्हा चष्मा काढून पुसत म्हणाले, “हे वाचनालय आहे की आठवडी बाजार?”

“बाजारात माणसं येतात, सर,” मेघा म्हणाली.

सरांनी चष्मा परत चढवला. पुढं एकदा, कुणाचं लक्ष नाही असं बघून, ते ‘झोप लागत नाही’पाशी बराच वेळ उभे होते. मेघानं तेही विचारलं नाही.

रामकिसन येऊन गेले त्याच दुपारी मेघाला आधी पावलं दिसली. अनवाणी. उंबऱ्याबाहेर चपला जोडीनं काढून ठेवलेल्या, विहारात जाताना ठेवतात तशा. या वाचनालयात चपला कुणीच काढत नाही. मेघानं वर बघायच्या आत ती पावलं ओळखली.

तिची आई मुक्ताबाई आजवर कधी जिना चढली नव्हती. विसरलेला डबा खालूनच कुणाच्या तरी हाती द्यायची. आज ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आत आली होती. जयंतीला आणि धम्मचक्र दिनाला नेसायची, ती साडी.

सोमनाथ उठून उभा राहिला. “मावशी! मॅडम डबा विसरल्या वाटतं?”

“डबा नाय. माझं त्या कपाटाशी काम हाय. नंबर कुठं लावू?”

मेघा खुर्चीतून उठली. “आई, काय झालं?”

“आई घरी. इथं मी गिऱ्हाईक.” मुक्ताबाई बाकावर कॉलेजच्या एका मुलीमागं जाऊन बसली. “चालू द्या तुमचं.”

त्या मुलीला मैत्रिणीच्या केसगळतीबद्दल वाचायचं होतं. मेघानं तिला पुस्तक दिलं, पान दाखवलं. पण कोणतं पान दाखवलं, ते तिला नंतर आठवलं नसतं. आई भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बघत होती. मग ओळीनं लावलेली कपाटं बघत होती. पेरणी संपलेलं रान बांधावर उभं राहून बघावं, तसं.

मुलगी गेली. मुक्ताबाई येऊन समोर बसली. हात मांडीवर.

“काय माहिती हवी?” मेघानं विचारलं. आवाज रोजचा लागावा म्हणून तिनं टेबलाची कड धरली होती.

“एका बाईचं आंग भाईर येतं. त्याचं पुस्तक पाहिजे.”

तिकडं सोमनाथचा शिक्का वरच्या वर थांबला. मग तो एकाएकी उठला आणि जुने अंक बघायला म्हणून पलीकडच्या खोलीत गेला. जाताना दार ओढून घेतलं.

मेघाच्या जिभेच्या टोकावर एकच शब्द येऊन उभा राहिला. कुणाचं? समोर आई तिच्याकडं टक लावून बघत होती. शाळेत मेघा पहिल्यांदा भाषणाला उभी राहिली होती, तेव्हा मागच्या रांगेतून बघत होती तशीच. पोरगी अडखळते की काय.

मेघा उठली. कपाटातून पुस्तक काढलं. चित्राचं पान उघडलं.

“हे बघा,” ती म्हणाली. आईला अहोजाहो करताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. “ही पिशवी. तिला खालून धरून ठेवणारे हे स्नायू. झोळीच्या दोऱ्या म्हणा. त्या सैल पडल्या, की पिशवी खाली उतरते.”

“वाचून दाखवता का? मला फडाफडा येत नाय.”

मेघा वाचू लागली. ओटीपोटात जडपणा वाटतो. काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटतं. खोकलताना, शिंकताना लघवी सुटते. मुक्ताबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. पण ती मान दुखणाऱ्या माणसाची होती की दुसऱ्याला सांगण्यासाठी पाठ करून ठेवणाऱ्याची, ते मेघाला कळेना.

“कारणं,” मेघानं पुढचं वाचलं. “अनेक बाळंतपणं. जुनाट खोकला. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता जड वजन उचलणं...”

ती थांबली.

जालना रोडवर उभ्या असलेल्या एका इमारतीपाशी आलं, की आई रिक्षातूनही बोट दाखवते. ही माझी म्हणते. तिच्या मालाच्या पाट्या मी वाहिल्या. तू झोळीत, झोळी पिंपरणीच्या फांदीला, अन् मी ओली बाळंतीण. पाटी वर पोचवून खाली आले की जोडीची भागूबाई झोळीला झोका देऊन वर जायची. ती खाली आली की मी. ही गोष्ट मेघानं लहानपणापासून ऐकलेली होती आणि दर वेळी ती आईच्या बहादुरीची गोष्ट होती. आज पहिल्यांदा ती छापील अक्षरात, कारणं या शब्दाखाली आली.

“थांबल्या कामून, मॅडम?” मुक्ताबाईनं विचारलं. “वाचा की.”

मेघानं वाचलं. सुरुवातीला व्यायामानं फरक पडतो. काहींना डॉक्टर आतून एक कडं बसवून देतात. काहींना शस्त्रक्रिया लागते. कोणत्या बाईला काय, ते तपासल्याशिवाय ठरत नाही. वय झालं म्हणून इलाज नाही, असं नाही.

“हे वयाचं पुन्हा वाचा.”

मेघानं पुन्हा वाचलं.

“त्या बाईला वाटतं, आता इतकी सालं काढली, ऱ्हाऊ दे. सरणावर जाईल तवा सगळंच जाईल.” मुक्ताबाईनं चित्रावर बोट ठेवलं. “अन् लाजेचं काय लिवलंय?”

“कशाचं?”

“लाजेचं. डाक्टरपुढं झोपायचं, दाखवायचं. त्याचं काय लिवलंय का यात?”

मेघानं पान खालपर्यंत बघितलं. उलटून पुढचं बघितलं. “नाही. लाजेचं काही नाही. दुखणं म्हणूनच लिहिलंय. गुडघ्याचं लिहितात, तसंच.”

मुक्ताबाईनं ते मनात नीट बसवून घेतलं. “हे चांगलं हाय,” ती म्हणाली. “हे सांगते तिला.”

“घाटी दवाखान्यात बायकांचा विभाग आहे. सकाळी लवकर जायचं, खिडकीवर केसपेपर काढायचा. बाई डॉक्टर असतात. बाईंनीच तपासावं, असं सांगितलेलं चालतं.” एवढं सगळं ती रोजच्यासारखं बोलली आणि मग रोज बोलत नाही ते बोलली. “त्या बाईला एकटीनं जायला नको वाटलं, तर सोबत मिळेल म्हणावं.”

“सांगते.” मुक्ताबाई उठली. पदर सारखा केला. “येते, मॅडम.”

दार उघडून सोमनाथ बाहेर आला. “मावशी, चहा सांगतो.”

“सगळ्या गिऱ्हाइकांना देता का?”

“नाय.”

“मंग मलाच कामून?” असं म्हणून ती उंबऱ्यापाशी वाकली आणि चपला पायात घालून जिना उतरली. एकेका पायरीवर थांबत उतरली, की मेघाला तसं ऐकू आलं, कोण जाणे.

घरात दोघीच. भीमनगरातलं ते दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. त्यानंतरचे दिवस मेघाचे डोळे आईच्या चालण्यावर, बसण्यावर खिळले. नळाला पाणी आलं, की आईच्या आधी धावत जाऊन हंडा उचलू लागली.

“माझे हात झडले काय गं?” मुक्ताबाई कावली.

“व्यायाम होतो मला. दिवसभर बसून असते.”

“मंग दळण आण दळून. पाच पायल्या आण. लई व्यायाम व्हईल.”

आई शिंकली की मेघा स्वयंपाकघरातून बाहेर येई. आई मोरीत गेली की कान तिकडं. टेबलावर जे ती कुणालाच विचारत नव्हती, ते घरभर मनातल्या मनात विचारत फिरत होती. कुणाचं? तुझंच ना? कधीपासून? माझ्यापासून? आणि या विचारण्याची तिला लाजही वाटत होती.

रविवारी संध्याकाळी भागूबाई ओट्यावर येऊन बसली. वेरूळकडच्या शेतकरी घरातली. जमीन भावकीत गेली तेव्हा शहरात आली आणि पाटीवर मुक्ताबाईची जोडीदारीण झाली. आता दोघींची डोकी पांढरी. दोघी मेथी निवडत होत्या. मेघा आत भाकरी थापत होती. बाहेर मुक्ताबाईनं घसा खाकरला. जात्यावरच्या ओव्या तिला उदंड येत. जातं गेलं, ओव्या राहिल्या होत्या. जुनी आठवली तर जुनी, नाही तर तिथल्या तिथं नवी.

“पुस्तकांच्या गं पेठंत, लेक माझी मेघा बसं,
दुखणं कुणाचं गं, नाय कुणाला ती पुसं.”

भागूबाई काहीतरी हळू बोलली.

तव्यावरची भाकरी करपली. मेघानं ती उलटली, पुन्हा उलटली. डोळे पुसायचे तर हात पिठाचे.

भागूबाई गेल्यावर मुक्ताबाई आत आली. “उद्या एका बाईला घाटीत न्यायचंय. तुझी रजा निघती का?”

“निघेल.” कोण बाई, ते मेघानं विचारलं नाही.

मुक्ताबाई दारातच थांबली. तिनं मेघाकडं बघितलं, मेघानं परातीकडं. करपलेली भाकरी आईनं आपल्या ताटात ओढून घेतली.

“व्हय का,” एवढंच म्हणाली. पण जेवताना दोनदा गालात हसली.

सकाळी मुक्ताबाई पुन्हा तीच पांढरी साडी नेसली. रिक्षात चढताना मेघानं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. गल्लीच्या टोकाला रिक्षा आली, तशी ती म्हणाली, “इथं जरा थांबव, बाबा.”

टोकाच्या लिंबाखाली भागूबाई उभी होती. हिरव्या बांगड्या, मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. ती येऊन मुक्ताबाईला खेटून बसली आणि बाहेर बघू लागली.

मेघाच्या छातीतून एक मोठा श्वास सुटला. म्हणजे ही. आई नव्हे, ही. पुढच्याच क्षणी तिला त्या सुटलेल्या श्वासाची शरम वाटली. ज्या हातानं झोळीला झोका दिला, त्या हातात पिशवी होती. मेघानं ती आपल्या मांडीवर घेतली.

खिडकीपुढं बायकांची रांग होती. तिघींचा नंबर आला. आतल्या माणसानं वर न बघता विचारलं, “पेशंट कोण?”

भागूबाईचा चेहरा उतरला. तिनं मागं बघितलं. रांगेत ओळखीचं कुणी नव्हतं, पण माणसं होती. ती पाऊलभर मागं सरली. “ऱ्हाऊ दे, मुक्ते. पुन्हा येऊ.”

मुक्ताबाईनं तिचं मनगट धरलं. दुसरा हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“मी,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “आंग भाईर येतं माझं.”

रांगेतल्या एका बाईनं पदराआडून मान वर केली.

भागूबाई मुक्ताबाईकडं बघत राहिली. मग तीही पुढं आली. “मी बी,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण निघाला. “माझं बी तेच.”

आतल्या माणसानं आता वर बघितलं. एकीकडून दुसरीकडं. मग मेघाकडं. “ताई, तुम्ही सोबत आहात ना? यात नक्की पेशंट कोण?”

मेघानं आईकडं बघितलं. मुक्ताबाई समोर बघत होती, मान ताठ. त्या चेहऱ्यावर एकीला धीर देणं होतं की पुष्कळ वर्षांचं ओझं खाली ठेवणं, ते शोधायचं मेघाच्या अगदी डोळ्यांपर्यंत आलं होतं. तिनं नजर काढून घेतली.

“मी विचारलं नाही,” ती म्हणाली. “दोन काढा.”

मुक्ताबाई भागूबाईच्या कानाशी वाकली. हळू बोलली, पण मेघाला ऐकू जाईल एवढं.

“म्हन्लं नव्हतं तुला? पुसत नाय ती.”